घारे म्हणजे नेमके कसे?

सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "ह्यांचे डोळे घारे होते हो." पण त्या एका वाक्यानंतर वहिनींच्या घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी खिडकीपाशी उभं करून, हनुवटी वर करायला लावून त्याचे डोळे पाहण्यात येऊ लागले. गॅसवाल्याने ते सहन केलं. विम्याचा एजंट मात्र दुसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला. नवरोबांच्या मते या सगळ्या उद्योगातून घराला झालेला तेवढाच एक फायदा.

वहिनी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. इमारतीत त्यांना सगळेच वहिनी म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तरसुद्धा. वहिनींना जे जे येत होतं त्यातलं काहीही कुणी शिकवलेलं नव्हतं. नळाचा वॉशर बदलणं, टायपिंग, खुर्च्यांचं विणकाम, सगळं हात घालून घालून आलेलं. अपवाद घरी मेणबत्त्या ओतण्याचा. मेणबत्त्यांचा विषय त्या घरात कुणी काढत नसे, पण स्वयंपाकघरातल्या बेसिनमधलं पाणी त्या वर्षापासून जरा विचार करत करतच खाली उतरायचं.

तर सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली. डावा डोळा पूर्वीच गेलेला होता, त्यामुळे जे काही व्हायचं ते उजव्यावर. त्या रात्रीच्या जेवणाला बसल्या असताना सासूबाई भिंतीकडे मान वळवून म्हणाल्या, "पट्टी सुटली की मला पहिल्यांदा ह्यांना बघायचंय."

"बघा की, इथेच तर आहेत," नवरोबा म्हणाले.

"असे नाही. रंगीत." मग ताटातच बघत, "तीस वर्षं झाली. मला ते आता रंगीत आठवतच नाहीत रे. आठवायला गेलं की हा फोटोच आठवतो. काळापांढरा. कधीकधी वाटतं, होतेच तसे की काय!"

यावर नवरोबा पाणी प्यायले आणि वहिनींनी मनातल्या मनात कामाला सुरुवात केली.

वहिनी या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे भिंतीवरच होते. कॉलर ताठ, भांग उजवीकडे, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. पाणीपुरवठा खात्यात बढती मिळाली तेव्हा काढलेला हा एकुलता एक धड फोटो. एरवी ते कायम जाड भिंगांचा चष्मा लावत. त्या दिवशी स्टुडिओतल्या दिव्यांची तिरीप काचांवर येते म्हणून फोटोग्राफरने तो काढायला लावला होता. निगेटिव्ह कुठे गेली कुणास ठाऊक. म्हणजे जे करायचं ते याच फोटोवर, आणि चुकलं तर सासरे दुसऱ्यांदा गेले.

दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, कशाला एवढं? मला फोटो पाठव, दोन मिनिटांत रंगीत करून देते." आणि दोन मिनिटांत दिलाही. फोनमधल्या त्या यंत्राने सासऱ्यांचे ओठ लालचुटुक केले होते, कोट निळा केला होता आणि मागच्या भिंतीवर, कुणी मागितली नसताना, हिरवळ उगवली होती. सासूबाईंनी फोन नाकाला लावून पाहिलं.

"हा कोण? कुठल्या बँडमध्ये वाजवतो?"

तिथून वहिनींची पावलं जुन्या बाजाराच्या गल्लीत वळली. तिथे एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्याचे म्हातारे मालक राहत. स्टुडिओवाले आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी हाताने फोटो रंगवले होते. नाकीडोळी नीटस नसलेल्यांना नीटस केलं होतं, आणि गावातली निम्मी लग्नं आपल्या ब्रशामुळे जमली असं त्यांचं शांत मत होतं. वहिनींनी काय हवंय ते सांगितल्यावर ते आत गेले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आले. रंगांच्या छोट्या छोट्या नळ्या, काही सुकून दगड झालेल्या, काडीला गुंडाळलेले कापसाचे बोळे, दोन बारीक ब्रश, एक टर्पेंटाइनची बाटली.

"हे न्या. आता माझे हात थरथरतात, सगळ्यांचेच गाल मिशीवर येतात."

मग त्यांनी एका फाटक्या फोटोवर दाखवलं. नखभर रंग, त्यात तेलाचा थेंब, कापसाने लावायचा आणि लगेच दुसऱ्या कापसाने जवळजवळ सगळाच पुसून टाकायचा. उरतो तो रंग. वहिनी बघतच राहिल्या. राखेसारख्या करड्या चेहऱ्यावर आजोबांच्या बोटाखाली सावकाश, अगदी कुणी झोपेतून उठावं तशी तुकतुकी येत होती.

"पातळ लावायचा बाई. माणूस फोटोत आधीच आहे. आपण त्याला नुसता उन्हात आणून बसवायचा."

वहिनींनी हे वाक्य बिलाच्या मागे लिहून घेतलं. पुढच्या आयुष्यात त्यांनी ते भाजीला मीठ घालण्यापासून सुनेला सल्ला देण्यापर्यंत सगळीकडे वापरायचं ठरवलं. सून अजून यायची होती, पण वाक्य तयार हवं.

पहिल्या आठवड्यात सासऱ्यांना ताप आला. म्हणजे गाल जरा जास्त झाले. नवरोबा ऑफिसातून आले, बूट काढता काढता फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "बाबा लाजल्यासारखे का दिसतायत?" टर्पेंटाइनने गाल उतरवले. मग कान राहिले म्हणून कान केले, तर ते चेहऱ्याच्या आधी खोलीत शिरू लागले. कानही उतरवले. पण वहिनी खमक्या. आठ दिवसांनी एका सकाळी त्या ब्रश खाली ठेवून मागे सरकल्या, आणि भिंतीला टेकवलेल्या फोटोत एक चाळिशीचा गव्हाळ माणूस, तपकिरी कोट घालून, नुकतीच दाढी केल्यासारखा बसलेला होता. नवरोबा चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले. कप निवला. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत वहिनींना मिळालेली ही सर्वात मोठी शाबासकी होती.

फक्त डोळे राहिले होते.

"आई, बाबांचे डोळे कसे होते?"

"घारे," सासूबाई म्हणाल्या. जसं काही प्रश्न संपला.

आता मराठीत जन्म गेलेल्या कुणालाही विचारा, घारे डोळे म्हणजे काय ते त्याला पक्कं माहीत असतं. दोघांना विचारलं की घोटाळा होतो. वहिनींनी पहिल्याच दिवशी इमारतीत पाच जणांना विचारलं. तळमजल्यावरचे म्हणाले हिरवट. शेजारच्यांनी सांगितलं निळे, त्यांच्या मावशीचे होते. एकीने मधासारखे सांगितले, एकाने मांजरासारखे. त्यावर कुठल्या मांजरासारखे यावरून जिन्यात वाद झाला आणि दोन घरांचं बोलणं थांबलं.

"तुमचे वडील ना?" वहिनींनी नवरोबांना गाठलं. "वीस वर्षांचे होतात तुम्ही. काहीतरी आठवत असेल!"

"अगं, बाबांच्या डोळ्यांत बघायची आमची टाप होती का? मी कायम खाली बघायचो. चपलांचा रंग विचार, आत्ता सांगतो."

"सांगा."

"काळ्या. डाव्या अंगठ्याला शिवलेल्या."

वहिनींनी ते लिहून घेतलं, पण फोटो छातीपर्यंतच होता.

हेडमास्तरांना कुणकुण लागली तसे ते बगलेत जाडजूड शब्दकोश घेऊन स्वतःच खाली उतरले. चष्मा पुसला, पानं उलटली, घसा साफ केला. "घारा. विशेषण. घारीच्या डोळ्यांसारखे डोळे असलेला." ते विजयाने वर बघू लागले.

"आणि घारीचे डोळे कसे असतात?"

हेडमास्तरांनी पुन्हा पानं उलटली. "घार. स्त्रीलिंगी. एक पक्षी."

"रंग?"

"वहिनी, कोशाने अर्थ द्यायचा असतो, रंग नाही," असं म्हणून हेडमास्तर कोश मिटून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीत दुर्बीण घेऊन घार शोधताना दिसले. दुपारपर्यंत घार आली नाही, मान मात्र धरली. म्हणून मग वहिनींनी त्यांना शेक द्यायला रबरी पिशवी पाठवली.

शेवटी वहिनींना सुचलं ते खरं म्हणजे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सरकारी नोकरीच्या सेवापुस्तकात माणसाच्या ओळखीच्या खुणा लिहिलेल्या असतात. त्या सरळ सासऱ्यांच्या जुन्या कार्यालयात गेल्या. तिथल्या अभिलेख विभागात, छतापर्यंत गेलेल्या गठ्ठ्यांच्या मधोमध एक कारकून बसले होते. गठ्ठे त्यांच्या भोवती रचले की ते गठ्ठ्यांतून उगवले, सांगणं कठीण.

"अर्ज लागेल. कारण लिहा."

वहिनींनी लिहिलं : डोळे रंगवणे.

कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला. "कुणाचे?"

"सासऱ्यांचे."

"त्यांची सही कुठाय?"

"ते वारले. तीस वर्षं झाली."

"मग रंगवायचे कसे?"

वहिनींनी सगळं सांगितलं. सासूबाईंचं ऑपरेशन, फोटो, जिन्यातलं भांडण, घार. कारकून ऐकता ऐकता हळूहळू पुढे झुकले. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही ऐकायला बोलावलं. मग ते उठले, शिडी लावली आणि धुळीत गडप झाले. तासाभराने ते परत आले तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि हातात सेवापुस्तक होतं. तिघांनी श्वास रोखून पान काढलं.

ओळखीची खूण : उजव्या गुडघ्यावर जुना व्रण. केस : काळे. डोळे : वरीलप्रमाणे.

कारकुनांनी पान उलटून मागची बाजूही पाहिली.

"वरीलप्रमाणे म्हणजे काळे," कारकून म्हणाले.

"की गुडघ्यासारखे?" शेजारच्या बाई म्हणाल्या.

कारकुनांनी वहिनींना दारापर्यंत पोचवलं. हे ते कुणासाठी करत नसावेत, कारण वाटेत त्यांना स्वतःच्याच कार्यालयाचा दरवाजा शोधावा लागला. "डोळे समजले तर मला कळवा बरं का," ते म्हणाले. "आता मलाही चैन पडणार नाही."

वहिनी स्टुडिओवाल्या आजोबांकडे गेल्या. "तुम्ही काय करायचात?"

"तपकिरी द्यायचो," आजोबा म्हणाले. "सगळ्यांना. चाळीस वर्षांत एक तक्रार नाही. कोण बघतं बाई डोळ्यांत? लोक आपला कोट नीट आलाय का तेवढं बघतात." मग म्हणाले, "पण तुमच्या सासूबाई बघतील म्हणताय. मग तपकिरी नको. आणि काय लावाल ते तेलातलंच लावा. चुकलं तर पुसता येईल."

ऑपरेशनला तीन दिवस उरले होते. आता साक्षीदार एकच होता आणि त्याला धड दिसत नव्हतं. तेव्हा शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाई मदतीला आल्या. त्यांच्याकडे दोऱ्याची रिळं होती, चांगली साठेक. "शब्दाच्या नादाला लागू नका वहिनी. मी गिऱ्हाइकाला कधी रंग विचारत नाही. रिळं समोर टाकते."

गॅलरीत भर दुपारच्या उजेडात सासूबाईंना खुर्चीत बसवलं. शेजारीणबाई एकेक रीळ पुढे धरायच्या. मधाळ. नाही. राखी. नाही. शेवाळी. अंहं. पिस्ता. चॉकलेटी. सासूबाई उजवा डोळा बारीक करून मान हलवत होत्या. एक्केचाळिसाव्या रिळाला त्यांनी एकदम हात पुढे केला.

"हाच! अगदी हाच गं!"

शेजारीणबाईंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी शेजारीणबाईंकडे. रीळ मोरपंखी होतं. साधंसुधं मोरपंखी नाही, दुकानदारानेही "हा जरा भडक आहे" म्हणून सांगून दिलेलं.

"आई, नक्की?"

"बावीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर. तू केलायस का?"

वहिनींनी मोरपंखी लावला. संध्याकाळी नवरोबा आले, फोटोसमोर थबकले आणि सोफ्यावर बसले. "माझ्या बापाला पिसारा फुटलाय," ते म्हणाले.

"आईंनी सांगितलाय तो रंग."

"मग असेल," ते क्षीण आवाजात म्हणाले. "मला चपलाच ठाऊक."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला तिघं दवाखान्यात गेली. वहिनींच्या एका हातात चादरीत गुंडाळलेला फोटो आणि खांद्याला पर्स. त्या पर्समध्ये गेले काही दिवस रुमालाच्या जागी टर्पेंटाइनची बाटली राहायला आली होती. डॉक्टर हात धुता धुता सहज म्हणाले, "आता आजींना रंग खरे दिसतील. इतके दिवस सगळं पिवळट दिसत असणार. कोऱ्या चहाच्या पेल्यातून बघितल्यासारखं. निळा, मोरपंखी असले रंग तर अगदी मातकट वाटतात."

वहिनींनी नवरोबांचं कोपर धरलं. नवरोबांनी खाली, चपलांकडे बघितलं.

"फोटो घरीच बघू या ना आई," वहिनी म्हणाल्या. "इथे उजेड—"

पण पट्टी सुटली होती. सासूबाई पापण्यांची उघडझाप करत खिडकीकडे, मग पांढऱ्या चादरीकडे बघत होत्या. "केवढी पांढरी गं ही!" असं कुजबुजल्या. मग हात पुढे केला. "आण."

तीन आठवड्यांची मेहनत, एकुलता एक फोटो आणि म्हातारीने मागितलेली एकच गोष्ट. वहिनींनी चादर सोडली.

सासूबाईंनी बघितलं. गालांवरून बोट फिरवलं, कोटावरून फिरवलं. "कोट... हाच होता. तपकिरी. कोपर झिजलेला. अगं, कसा आणलास गं तू?" मग नजर वर गेली. आणि एकाएकी सासूबाई हसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले आजी हसू नका, डोळ्यावर ताण येईल, तशा त्या जास्तच हसायला लागल्या.

"मोराची पिसं लावलीस काय गं माझ्या नवऱ्याला!"

"तुम्हीच म्हणालात आई," वहिनींचे डोळे भरून आले होते. "हाच म्हणालात. अगदी हाच."

सासूबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी वहिनींचा हात ओढून पलंगावर बसवलं. "चाळीस रिळं दाखवून झाली होती. एकाला तरी हो म्हणायला नको? किती वेळ सांगत बसू, की मला माहीत नाही म्हणून?"

"माहीत नाही?"

"कुणाला माहीत असणार! लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, मुलगा घारा आहे. तेव्हापासून मीही घारे, घारे म्हणत आले. चष्म्याआड काय असायचं देव जाणे. आणि मी तरी मान वर करून कधी बघितलं? कामातच असायचे. बोलायचे ते पाठमोरे राहूनच." त्या फोटोकडे बघत राहिल्या. "काल पडल्या पडल्या वाटलं, आता दिसायला लागलं की कळेल. पण डोळे रंगवणार तू, आणि रंग विचारणार मला."

वहिनींनी पर्स उघडली, कापूस काढला, बाटलीचं बूच काढलं. "अहो, इथे कसला वास सोडताय? हा दवाखाना आहे!" नर्सबाई धावून आल्या. नवरोबा, ज्यांनी मेणबत्त्यांच्या वेळी घर सोडून जायची भाषा केली होती, ते उठले आणि नर्सबाई व वहिनींच्या मध्ये उभे राहिले. "एक मिनिट सिस्टर," ते म्हणाले. "वडिलांच्या डोळ्यांचं काम चाललंय."

हलक्या हाताने, आजोबांनी दाखवलं होतं तसं, वहिनींनी मोरपंखी पुसला. डावा डोळा, मग उजवा. खालून मूळचा फोटो वर आला. रंगीत चेहऱ्यात तेवढेच दोन डोळे काळेपांढरे राहिले. पण काळे नाहीत, आणि पांढरेही नाहीत. फिकट, ओलसर, आत कुठेतरी दिवा लावून ठेवल्यासारखे राखाडी.

वहिनींनी पर्समधून ब्रश काढला. सासूबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"थांब. राहू दे." त्या फोटो जवळ आणत, लांब नेत बघत होत्या. "चष्मा पुसायला काढला की असे बघायचे. काही दिसायचं नाही त्यांना, पण माझ्याकडेच बघायचे. रंग नाही सांगता येणार मला. पण उजेड हाच." मग एकदम खणखणीत आवाजात, "घारे म्हणजे हे. सांग त्या हेडमास्तरांना, लिहून घ्या म्हणावं."

नवरोबा फोटोसमोर आले. पहिल्यांदा, आपल्या पन्नाशीत, त्यांनी मान वर करून वडिलांच्या डोळ्यांत बघितलं. फार वेळ नाही टिकले. पण बघितलं.

वहिनी फोटो पुन्हा चादरीत गुंडाळत होत्या. कारकुनांना कळवायचं होतं, आजोबांना दाखवायचं होतं, जिन्यातली दोन घरं बोलती करायची होती. एवढ्यात सासूबाईंनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"अगंबाई! केवढी म्हातारी झालीस गं तू!"

"आई!"

"मला वाटत होतं, तू आहेस तशीच आहेस." सासूबाईंनी हनुवटी सोडली नाही. "हलू नकोस. जरा खिडकीकडे हो. आणखी. हं. मान वर."

"काय बघताय?"

"तुझे डोळे. सत्तावीस वर्षं वाढतेयस मला." म्हातारीने नवा डोळा बारीक केला. "उद्या कुणी विचारलं, तर मी पुन्हा ऐकीव सांगणार नाही."